डावीकडून दुसरी

"नाय गो," सारिका म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं की हे आपण संग्रहालयाच्या दालनात मोठ्याने म्हटलं. दालन अजून उघडायचं होतं. एक शिडी, भिंतीला टेकवलेल्या चौकटी, ओल्या रंगाचा वास आणि ती, एवढंच आत होतं. फोनवर मुरबाडहून धाकटी बहीण अपेक्षा होती. तिचं म्हणणं असं, की मामेभावाच्या हळदीला सगळ्या बहिणींनी एकाच रंगाच्या साड्या नेसून रांगेत फोटो काढायचा आहे, फोटोवाल्याने रंगही ठरवून दिला आहे, तेव्हा सारिकाने तेवढी साडी घ्यावी आणि नाटकं करू नयेत. सारिकाला फोटोसाठी उभं राहायला पहिल्यापासून आवडत नसे, म्हणून ती नाय गो म्हणाली. रिकाम्या दालनाला घुमण्याची सवय असते. त्याने ते दोन शब्द उंच छतापर्यंत नेले आणि परत आणून दिले, तेव्हा मधली जागा वाटेत कुठेतरी सांडलेली होती. नायगो. सारिकाने समोर पाहिलं. समोर माणसाच्या उंचीचा फोटो होता, फोटोत एक बाई होती, आणि खाली सारिकानेच लिहिलेल्या पाटीवर त्या बाईचं नाव होतं: नायगो.

पलीकडून अपेक्षा विचारत होती, ऐकतेस का गो. सारिकाने नंतर करते म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा एकदा, या वेळी हळू, जीभ नीट लावून ते म्हटलं. मग इकडे तिकडे पाहिलं. शिडीला काही वाटलेलं दिसत नव्हतं.

पाट्या लिहिणं हे सारिकाचं काम. संग्रहालयात वस्तू ठेवतात ते लोक वेगळे, वस्तूंबद्दल इंग्रजीत लिहितात ते वेगळे, आणि ते इंग्रजी मराठीत आणून उभ्या उभ्या वाचणाऱ्या माणसाच्या पायाला कळ लागायच्या आत संपवते ती सारिका. हे काम तिला चांगलं जमे, कारण तिची मराठी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की ती कुठली हे कुणाला ओळखू येत नसे. मुरबाडजवळच्या भातशेती करणाऱ्या घरातून ती शाळेत गेली तेव्हा बाईंनी विचारलं होतं, गृहपाठ केला का, आणि ती खरं तेच बोलली होती, नाय. बाई म्हणाल्या, नाय नाही, नाही. या वाक्यातला कुठला नाही कुणासाठी हे समजायला सारिकाला बराच वेळ लागला. गृहपाठ मात्र तेव्हापासून ती करायला लागली. आता ती आसनगावला राहत होती. नवरा मनोज रोज सकाळी स्टेशनबाहेर स्कूटर लावायचा, तशी तीही आपलं नाय, पन, कुटं सगळं तिथेच लावून मुंबईला यायची आणि संध्याकाळी उतरल्यावर परत घ्यायची. कधी ते मुंबईत बरोबर आलं असं झालं नव्हतं. आज अपेक्षामुळे आलं. आणि आलं ते नेमकं या बाईसमोर, जिच्या नावावर किशोर सरांचं गेलं वर्षभर प्रेम बसलं होतं.

किशोर सर प्रदर्शनाचे प्रमुख. माणूस उत्साही आणि मनाने निर्मळ. त्यांना राग असा येत नसे, फक्त कल्पना येत. जंगलखात्यातल्या कुणा इंग्रज साहेबाने शहापूर, कसारा, मुरबाड या पट्ट्यात काढलेले फोटो संग्रहालयाकडे आले होते. बाकी सगळ्या फोटोंखाली साहेबाच्या हाताने लिहिलेलं होतं: लाकूडतोडे. भात झोडणारी बाई. म्हातारा, जातीचा नमुना. कुणालाच नाव नव्हतं. एकाच फोटोखाली होतं. एवढ्या माणसांत साहेबाला एकीचं नाव विचारावंसं वाटलं, यात किशोर सरांना माणुसकीची पहाट दिसली. तिकडच्या आदिवासी ठाकूर समाजात हे नाव आता सापडत नाही असं कळल्यावर तर त्यांना आणखी आनंद झाला, कारण सापडलं असतं तर शोध लावायला काही उरलं नसतं. मूळ शब्द नायिका, त्याचं नायगा, त्याचं नायगो, असा त्यांनी रस्ता काढला. सारिकाने त्यावरून माहितीपत्रकात ओळ लिहिली, 'रानाची नायिका'. ती ओळ सगळ्यांना आवडली. मग समाजाला सोबत घेतलं पाहिजे म्हणून सगळे गाडी करून शेणव्याच्या पुढच्या एका वाडीत गेले. तिथे देवकी नावाच्या आजीबाईंना फोटो दाखवून, ही तुमच्यातली कुणी वाटते का, असं विचारलं. त्या वाडीत पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. चहा मागितला तर चहा देतात, पूर्वज मागितला तर पूर्वज. देवकीबाईंनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, आसंल, आमच्या सासूची सासू आसंल. किशोर सरांचे डोळे भरून आले. देवकीबाईंची सून पूजा तेव्हा दिवसांत होती आणि आसनगावच्या एका गोदामात पॅकिंगला जायची. नायगो म्हणजे नायिका, नायिका म्हणजे हिरॉईन, हे तिचा नवरा अक्षय याने तिथल्या तिथे जुळवून घेतलं. आता पूजाला मुलगी झाली होती. येत्या रविवारी तिचं बारसं होतं, नाव नायगो ठेवायचं ठरलं होतं, आणि संग्रहालयाला सहकुटुंब आमंत्रण होतं.

सारिका शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. असं असेल का? साहेबाने नाव विचारलं, आणि ती बाई त्याला काही बोललीच नाही. बोलली ती दुसऱ्याच कुणाला तरी. आणि गो तर बाईलाच म्हणतात. साहेबाला कुणी गो म्हणणार नाही, कितीही राग आला तरी. मग तिथे दुसरी बाई होती. कुठे होती? फोटोत तर ही एकटीच आहे. सारिका उठून फोटोला नाक लावायच्या अंतरावर गेली. बाई उभी होती, मागे पांढरी चादर, हातात तांब्याचा हंडा, ओठांवर हलकंसं हसू. ते हसू सारिकाने माहितीपत्रकातही घेतलं होतं, 'प्रसन्न'. डोळे मात्र समोर नव्हते. ते डावीकडे होते, पाहणाऱ्याच्या डावीकडे, चौकट जिथे संपते त्याच्याही जरा पलीकडे. इतके दिवस सारिकाला वाटत होतं की ती रानाकडे बघते आहे. तसं तिने लिहिलंही होतं. तिथे रान आहे की आणखी काय, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं, कारण नायिकांना रानाकडे बघायची सवय असते.

मूळ काचेच्या निगेटिव्हवरून घेतलेली प्रत संगणकात होती. ती तिने वरच्या मजल्यावर आपल्या टेबलाशी उघडली. भिंतीवरचा फोटो आणि हा फोटो एकच होते, आणि नव्हतेही. भिंतीवरच्यासाठी कडा कापून घेतल्या होत्या, चौकटीत नीट बसावा म्हणून. इथे कडा शिल्लक होत्या. डाव्या कडेला चादरीचं टोक होतं, आणि ते टोक कुठल्या खिळ्याला नव्हतं. त्यावर चार बोटं होती. चार बोटं, मनगटाचा थोडा भाग, त्यावर काचेच्या बांगड्या, आणि मग फोटो संपत होता. चादर कुणीतरी धरली होती. वारा असणार, चादर जड असणार, आणि काचेवरचा फोटो त्या काळी बराच वेळ घ्यायचा. तेवढा वेळ ती बाई हात उंच करून तिथे उभी होती, फोटोच्या बाहेर, फोटोसाठी. सारिकाने पडद्यावरच्या त्या बोटांवर आपलं बोट ठेवलं आणि लगेच काढलं. मग तिने बाईचा चेहरा मोठा केला. केस, कपाळावरचं गोंदण, गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी स्पष्ट. आणि ओठ नव्हतेच. ओठांच्या जागी धूर होता. यादीत त्यापुढे शेरा होता, 'काचेतील दोष'. तो दोष संगणकावर दुरुस्त करून घेतला होता. म्हणजे भिंतीवरच्या बाईला जे ओठ होते ते आपल्याकडच्या एका मुलाने एका दुपारी बसून दिलेले होते, आणि देतोच आहोत तर हसरे दिले होते. काच सगळीकडे चांगली आणि फक्त तोंडाजवळ खराब, असं कसं? हलू नकोस म्हणून सांगितलेलं असताना ती अंगाने हलली नाही. पापणीही हलवली नाही बहुतेक. तिचं तोंड हललं. ती बोलत होती. इतक्या वर्षांपूर्वीचं ते बोलणं काचेवर धुरासारखं बसलं होतं आणि आम्ही ते पुसून तिथे हसू लावलं.

मग एकदा सुरू झाल्यावर डोळे थांबेनात. बाकीचे फोटो तिने शंभरदा पाहिलेले होते, पाट्या लिहिल्या होत्या, 'घरकामात मग्न', 'पाणवठ्यावरून परतताना'. आता तिला दिसलं की भात झोडणाऱ्या बाईच्या मागे ठेवलेला हंडा आणि मुरबाडकडच्या कुणा म्हातारीच्या कडेवरचा हंडा यांना एकाच ठिकाणी पोचा आहे. नायगोच्या हंड्यालाही तोच पोचा. या तीन गावांत एवढं अंतर, आणि हंडा एक. साहेबाच्या सामानात हंडा होता. तो गावोगाव बैलगाडीतून जायचा आणि बायकांच्या हातात दिला जायचा, म्हणजे त्या पाणवठ्यावरून परतल्यासारख्या दिसाव्यात. कसाऱ्याच्या लाकूडतोड्यांकडे तीन फोटोंत मिळून एकच कुऱ्हाड निघाली. एकाने तर ती उलटी धरली होती, आणि आता तिला वाटलं की चुकून नाही, मुद्दाम. तो इतक्या गंभीर चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघत होता की त्याच्या मनात काय चाललंय हे त्याच्या गावात सगळ्यांना कळलं असणार. सारिकाला एकटीला हसू आलं. तिचे आजोबा असेच, पाहणी करायला आलेल्या कुणा अधिकाऱ्याने शेतात उभं करून फोटो काढला तेव्हा, टोपी उलटी घालून उभे राहिले होते. तो फोटो घरात कितीतरी वर्षं भिंतीवर होता आणि आलेल्या प्रत्येक माणसाला आजोबा विचारत, काय चुकलंय वळख. फोटोतल्या माणसांना फोटोबद्दल काही म्हणायचं असतं हे तिला तेव्हापासून माहीत होतं. मुंबईला येताना तेही स्टेशनबाहेरच लावलं होतं की काय कोण जाणे.

हसू फार टिकलं नाही, कारण रविवार आठवला. वर्गात तिच्याबरोबर एक मुलगी होती, घाटावरून आलेल्या कामकऱ्याची. तिला दोन बहिणींवर झालेली म्हणून घरच्यांनी नाव ठेवलं होतं नकुशी. हजेरीला बाई नाव घ्यायच्या, नकुशी, आणि ती उभी राहून म्हणायची, हजर. नको ती हजर. सगळ्या वर्गाला ते पाठ झालं होतं आणि कुणाला त्यात काही वाटत नसे. नकुशीलाही वाटत नसेल, असं सारिकाला तेव्हा वाटायचं. आता शेणव्याच्या पुढे एका वाडीत एका पोरीच्या कानात तिची आत्या सांगणार होती, नाय गो. नको गं. आज ते कुणाच्या ध्यानात नाही, कारण किशोर सरांच्या तोंडून ते नायिका होऊन आलं आहे. पण ती पोर अंगणात खेळायला लागेल, आई हाक मारेल, नायगो, आणि कुंपणापलीकडची म्हातारी विचारेल, काय नाय गो? त्या दिवशी ते नाव फुटेल. आणि ते तिथे कुणी नेलं, तर आम्ही. एकदा साहेबाने चुकीचं ऐकून लिहिलं, आणि आम्ही ते शुद्ध करून परत नेऊन दिलं, सोबत मिठाईचा पुडा.

किशोर सरांनी पडद्यावरची बोटं पाहिली, धूर पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि परत पाहिलं. मग म्हणाले की हे विलक्षण आहे, पण याला पुरावा काय. सारिका म्हणाली, ओठ.

"ओठ कसा पुरावा होईल, सारिका," ते खरोखर दुःखाने म्हणाले. "ओठ आपण दुरुस्त केलेत."

त्यांनी मग परिसंवादाची कल्पना मांडली. प्रदर्शन होऊन जाऊ दे, नंतर एक दिवसाचा परिसंवाद घेऊ, दोन्ही बाजू मांडल्या जातील. सारिकाने विचारलं की बारसं रविवारी आहे, ते परिसंवादानंतर ठेवायला सांगायचं का. यावर ते हसले, मग हसणं थांबवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कल्पनांच्या माणसाला कधी कधी माणूस दिसतो, तसं ते होतं. म्हणाले, तूच सांग त्यांना. मला ते सांगता येणार नाही. आणि सारिकाला वाटलं, मला तरी कुठल्या भाषेत येणार आहे.

रविवारी मनोजच्या स्कूटरवर मागे बसून जाताना ती वाक्यं जुळवत होती. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसती खुंटं होती, आणि हवेत कापलेल्या पेंढ्याचा वास होता. 'सदर नावाबाबत काही नवीन माहिती समोर आली आहे.' हे पाटीवर चाललं असतं. 'तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.' असं म्हटलं की माणूस आधी वाईट वाटून घेतो. मनोजने मान मागे वळवून विचारलं की ती काय पुटपुटते आहे, आणि तिने नाय, काय नाय, म्हणून सांगितलं, आणि मग उरलेला रस्ता ती त्याच शब्दाचा विचार करत राहिली, की तो किती सहज निघतो, कुणावर न रागावता, आणि तो शुद्ध केला की कसा लगेच कपाळाला आठी घालून उभा राहतो. वाडीच्या तोंडाशी अक्षयने फ्लेक्स लावला होता. त्यावर एका बाजूला हसऱ्या ओठांची नायगो होती, दुसऱ्या बाजूला झोपलेली नायगो, आणि मध्ये अक्षयचे मित्र गॉगल लावून. किशोर सर आधीच येऊन पोचले होते आणि अंगणात देवकीबाईंचे यजमान नवसूबाबा त्यांना भाताच्या जाती समजावून सांगत होते. सर दर जातीला वा म्हणत होते.

बायका आतल्या खोलीत होत्या. पाळणा छताच्या आढ्याला बांधलेला, त्याला झेंडूच्या माळा, आणि पूजा भिंतीला टेकून बसलेली, डोक्याला फडकं बांधून, अजून अशक्त, गोदामात पॅकिंगला जायची तेव्हापेक्षा बारीक. अक्षयची बहीण बारकी पाळण्याची दोरी धरून होती. कानात नाव सांगण्याचा मान तिचा. सारिका खाली बसली. तिने तोंड उघडलं आणि जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आलं नाही.

"ते नाव नाय," ती म्हणाली. "फोटोतल्या बाईचं. सायबानं नाव विचारलं, ती शेजारच्या बाईशी बोलली. नाय गो, अशी. त्यानं तेच लिवलं."

मग बारकी हसली. आधी नाकातून, मग पदर तोंडावर घेऊन, आणि तिच्यामागून सगळ्या. सारिकाने फोन काढून ती कड दाखवली, ती बोटं दाखवली, तो धूर. फोन हातोहात फिरला. आता तिथे जे सुरू झालं त्याला किशोर सरांनी परिसंवाद म्हटलं असतं, फक्त यात सगळ्या एकदम बोलत होत्या. ती कशाला नाय बोलली यावर मतं पडली. देवकीबाईंचं म्हणणं, बाहेरची बोलली आसंल हंडा नीट धर, आणि हिला तो परका हंडा धरायचाच नव्हता. बारकीचं म्हणणं, ती बोलली आसंल जरा हस. कुणी म्हणालं, चल गो घरी, पोर रडतं, असं बाहेरची म्हणत असेल, आणि ही म्हणाली असेल नाय गो, हा बाबा सोडत नाय. कुणी म्हणालं, नाव सांग बोलली आसंल, नि ही नाय बोलली. नाव कशाला द्यायचा कुणाला. कुणाला कळणार खरं काय ते, आणि सारिकाला तेच बरं वाटलं, की इथे कुणी ते ठरवून टाकत नव्हतं. देवकीबाईंनी मधेच कबूल करून टाकलं की ती सासूची सासू वगैरे काही नाही. तो मास्तर एवढ्या लांबनं आला, तेला रिकामा कसा पाठवायचा.

पूजा हसली नव्हती. फोन तिच्या हातात येऊन थांबला होता. अंगठ्याने ती चेहरा लहानमोठा करत होती.

"म्हंजे नकोशी?" तिने विचारलं.

हाच तो प्रश्न होता, आणि सारिकाला वाटलं की आपण आलोच नसतो तर तो या खोलीत आला नसता. पूजाने वर पाहिलं नाही.

"तिला कुनी नको बोलला, का तीच नको बोलली?"

"तीच," सारिका म्हणाली. "तीच बोलली. सायबाच्या पुढ्यात."

पूजाने फोन परत दिला. पाळण्यातून मुलीला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या तोंडावरची माशी हाकलली, आणि मग जे बोलली ते मुलीकडे बघत बोलली, जणू बाकीच्यांना ते कळायची गरज नव्हती.

"मला तो बोलाया लय टाइम लागला," ती म्हणाली. "गोदामात रात्रपाळीला थांब बोलले, थांबली. सातव्या महिन्यात बोलली, नाय. एकदाच. मग कुनी विचारला नाय परत." ती जरा थांबली. "हिला नावातच आसू दे."

दारातून अक्षय डोकावला आणि म्हणाला की काय ठरत असेल ते ठरवा, पण फ्लेक्स छापून झालाय. त्याला सांगण्यात आलं की फ्लेक्स बरोबर आहे. बारकीने वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. ते तिने कसं सांगितलं, जोडून की तोडून, हे कुणाला ऐकू आलं नाही. बाळाने कपाळाला एवढीशी आठी घातली, आणि बायका म्हणाल्या, बघा, लागली बोलाया.

मग फोटो. किशोर सरांनी येताना पांढरी चादर आणली होती, कारण मागे फार गर्दी दिसते, मोटारसायकल येते, दोरीवरचे कपडे येतात, आणि प्रदर्शनात जुन्या फोटोशेजारी नवा लावायचा तर पार्श्वभूमी तशीच हवी. अंगणात चादरीचं एक टोक खांबाला बांधलं, दुसऱ्याला काही सापडेना, तेव्हा बारकी म्हणाली मी धरते. पूजा बाळाला घेऊन चादरीपुढे बसली. सरांना स्वतःलाही या ऐतिहासिक क्षणात असावंसं वाटलं, म्हणून त्यांनी कॅमेरा सारिकाकडे दिला आणि ते पूजाच्या मागे नम्रपणे उभे राहिले. सारिकाने कॅमेरा डोळ्याला लावला. आयुष्यात ती नेहमी याच्या दुसऱ्या बाजूला आणि मान खाली घालून असायची. इकडून बघायला तिला मजा वाटली, आणि मग वाटेनाशी झाली. चौकटीच्या डाव्या कडेला चार बोटं होती. बोटांना मेंदी होती, मनगटात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, आणि तिथे फोटो संपत होता. कॅमेरा जरा उजवीकडे सरकवला असता तर बोटंही गेली असती. अगदी एवढंसं सरकवायचं होतं. तिच्या आधी कुणीतरी एवढंसंच सरकवलं होतं.

"बारकी, आत ये," ती म्हणाली.

"नाय गो बाय," बारकी चादरीआडून ओरडली, "चादर पडंल."

अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं. पूजाची मान वळली होती, पाहणाऱ्याच्या डावीकडे, चौकटीच्या बाहेर. आणि तिचं तोंड उघडं होतं.

"पडू दे," पूजा म्हणाली. "ये गो."

बारकीने चादर सोडली. ती सरांच्या डोक्यावर पडली, आणि मागे जे झाकलं होतं ते सगळं एकदम आलं: दोरीवरची लंगोटं, मोटारसायकल, तिच्यावर बसलेली कोंबडी, बनियनवर आलेले आणि लपायला जागा न उरलेले नवसूबाबा, फोटो चाललाय म्हणून चादरीमागून बघत असलेल्या बायका, सगळ्यांची तोंडं उघडी, सगळे कुणाला तरी काहीतरी सांगत असलेले. बारकी पदर सावरत धावत आली आणि पूजाला चिकटून बसली. सारिकाने तेव्हा बटण दाबलं. किशोर सर चादरीतून बाहेर आले आणि पहिलं वाक्य म्हणाले ते असं, की आणखी एक घ्यायचा का. मग त्यांनी कॅमेऱ्यात तो फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. म्हणाले, नको. हाच.

सोमवारी त्यांनी कुणाला न विचारता छपाईवाल्याला फोन केला. मोठा फोटो पुन्हा छापायचा, कडांसकट, आणि ओठ जसे होते तसे. हो, धूर, म्हणजे धूरच. सारिका पाटी लिहायला बसली. तिने 'नाय' टाइप केलं आणि संगणकाने त्याखाली लाल रेघ ओढली, शाळेतल्या बाईंसारखीच. सारिकाने ती ओढू दिली. अपेक्षाला फोन करून सांगितलं की हळदीला येईन, साडी मात्र माझी मी नेसेन, आणि रांगेत कुठेतरी उभी राहीन, चालंल का. अपेक्षा म्हणाली, कडेला राहू नको फक्त, कापतात. पाटी लिहून झाल्यावर किशोर सरांनी ती दोनदा वाचली आणि एकच विचारलं, डावीकडून दुसरी, मग पहिली कुठे आहे? आणि सारिका उत्तर द्यायच्या आत म्हणाले, अच्छा. अच्छा, हो.

फोटो लागला तेव्हा दालनात पुन्हा तीच शिडी होती आणि ती. जुन्या फोटोशेजारी नवा होता, त्याखाली डावीकडून बारकी, पूजा, नायगो, आणि मागे नवसूबाबांपासून कोंबडीपर्यंत सगळ्यांची नावं. कोंबडीचं देवकीबाईंनी सांगितलं होतं. मोठ्या फोटोखालची पाटी सारिकाने मोठ्याने वाचली, उभ्या उभ्या वाचणाऱ्याच्या पायाला कळ लागेल का ते बघायला.

'डावीकडून पहिली: चादर धरलेली बाई. नाव कुणी विचारलं नाही. डावीकडून दुसरी: नाव विचारलं, तिने सांगितलं नाही. ती पहिलीशी बोलते आहे. म्हणते आहे, नाय गो.'

आता भिंती भरल्या होत्या, दालन पहिल्यासारखं घुमत नव्हतं. तरी शेवटचे दोन शब्द ते वर घेऊन गेलं आणि जरा वेळाने, सावकाश, परत घेऊन आलं. मधली जागा शाबूत होती.